‘ट्रॉलीले चालते’ म्हणून लावलेला टायर

दसरा उलटला की तेल्हारा तालुक्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. हिवरखेड, अडगाव, दानापूर, बेलखेड अशा गावांतून निघालेली ही वाहतूक मार्केट यार्डात, जिनिंगमध्ये किंवा पुढे अकोट-अकोल्याकडे जाते. कापसाआधी सोयाबीन, कापसानंतर तूर आणि हरभरा असा हा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. यातले बरेच ट्रॅक्टर नवे आणि जास्त हॉर्सपॉवरचे असतात. बँकेच्या कर्जावर घेतलेले हे ट्रॅक्टर धुऊन-पुसून ठेवले जातात आणि त्यांची सर्व्हिसिंग वेळेवर होते. मागच्या ट्रॉलीचे टायर मात्र पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. एक टायर ट्रकचा उतरलेला, दुसरा भंगारातून आणलेला, तिसरा बाजूने तडकलेला आणि चौथ्याची नक्षी पार पुसलेली. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: ‘ट्रॉलीले चालते.’

या दोन शब्दांत मोठी चूक दडलेली आहे. ट्रॉलीला इंजिन नाही आणि स्टिअरिंग नाही, म्हणून तिच्या टायरचे काम सोपे आहे, असा समज त्यामागे असतो. पण सगळा माल ट्रॉलीत असतो आणि त्याचे बहुतेक वजन तिच्याच टायरवर येते. जिथे भार सर्वांत जास्त, तिथे सर्वांत निकामी टायर लावण्याची ही पद्धत आहे. टायर फुटला की ‘नशीब खराब’ म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात बहुतेक टायर अचानक फुटत नाहीत. ते महिनोन्‌महिने आतून झिजत असतात आणि त्याची लक्षणे बाहेर दिसतही असतात. रक्तदाबासारखेच हे दुखणे आहे. मोजले तर वेळीच कळते, नाही मोजले तर थेट झटकाच येतो.

यामागचे विज्ञान अवघड नाही. वजन रबर उचलते असे वाटते, पण ते प्रामुख्याने आतली हवा उचलते. रबर, धाग्यांचे थर आणि तारा यांचे काम त्या हवेला बांधून ठेवण्याचे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेऱ्यात थोडा चपटा होतो आणि वर गेल्यावर पुन्हा गोल होतो. ट्रॉलीचे सोळा इंची रिमचे मोठे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण साडेतीनशे फेरे घेते. तीस किलोमीटरच्या वाटेत हे दबणे आणि सुटणे दहा हजारांहून जास्त वेळा होते. रबर दाबताना जितकी ऊर्जा लागते, तितकी ते सुटताना परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. तारेचा तुकडा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला तर तो गरम होतो, तसेच हे.

रबर उष्णतेचे वाहक म्हणून फार कमकुवत असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ती थरांच्या मध्ये साठत राहते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक घालून रबर पक्के करण्याची रीत शोधली. त्या रीतीने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडल्या जातात. टायर वारंवार जास्त तापला तर हेच बंध तुटू लागतात. मग रबर आणि धागे यांची पकड सुटते, थर एकमेकांपासून वेगळे होतात आणि वरची नक्षीची पट्टी सालासारखी निघून येते. रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबराच्या लांब पट्ट्या दिसतात, त्यांतल्या अनेकांची हीच कहाणी असते.

आता वऱ्हाडातला एक जुना समज पाहू. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवावी, असे अनेक चालक आणि पंक्चरवालेही सांगतात. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो, हे कोणाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा दिवसांत डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे ‘हवा कमी ठेवा’ हा सल्ला पटण्यासारखा वाटतो. तरीही तो उलटा आहे.

हिशेब सोपा आहे. सकाळी ३० अंशांना टायरमध्ये ८० पौंड हवा भरली आणि दुपारी रस्त्यावर टायरमधली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ९५ पौंडांवर जातो. एवढी वाढ टायर तयार करतानाच गृहीत धरलेली असते. चांगला टायर त्याने फुटत नाही. याउलट सकाळीच हवा ५० पौंडांवर ठेवली, तर प्रत्येक फेऱ्यात टायर जास्त चपटा होतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि उष्णताही जास्त तयार होते. म्हणजे ज्या तापण्याच्या भीतीने हवा कमी केली, तेच तापणे आपण वाढवलेले असते. टायर फुटताना आवाज हवेचा होतो, म्हणून दोष हवा जास्त झाल्याला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा हवा कमी असल्याचा किंवा भार जास्त असल्याचा असतो. तापलेल्या टायरमधली हवा वाटेत सोडणेही याच कारणाने चुकीचे आहे. टायर थंड झाला की दाब ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलेला असतो. नायट्रोजन भरला की चिंता मिटते, हाही असाच समज. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाब बरोबर नसेल तर आत कोणता वायू आहे याने फारसा फरक पडत नाही.

ट्रॉलीच्या टायरची आणखी तीन दुखणी आहेत आणि ती ट्रॅक्टरच्या टायरला तेवढी नसतात. पहिले म्हणजे चालकाला कळत नाही. पुढचे चाक बसले तर स्टिअरिंग ओढते. मागच्या ट्रॉलीचे एक चाक हळूहळू बसत असेल, तर इंजिनाच्या आवाजात आणि गाण्याच्या दणक्यात त्याचा पत्ता लागत नाही. कळते तेव्हा ट्रॉली एका बाजूला कललेली असते. दुसरे म्हणजे चार चाकांच्या ट्रॉलीत दोन एक्सल जवळजवळ असतील, तर आखूड वळणावर चाके सरळ फिरत नाहीत, आडवी घासली जातात. शेतातून बांधावर आणि बांधावरून सडकेवर येताना हे रोज घडते. याने नक्षी तर जातेच, आतल्या थरांनाही पीळ बसतो.

तिसरे दुखणे उभे राहण्याचे. हंगाम संपला की ट्रॉली कित्येक महिने वावराच्या धुऱ्यावर किंवा घरामागे उघड्यावर पडून असते. हवेतला ओझोन वायू आणि उन्हातली अतिनील किरणे रबराला तडे पाडतात. टायरमध्ये त्यापासून बचाव करणारे मेण आणि रसायने घातलेली असतात. ती पृष्ठभागावर येत राहण्यासाठी टायर फिरता असावा लागतो. उभ्या टायरमध्ये हे काम मंदावते. त्यात डिझेल किंवा ऑइल सांडलेले असेल तर रबर आणखी खराब होते. म्हणून ‘कमी चाललेला’ टायर म्हणजे ‘चांगला’ टायर हा हिशेब ट्रॉलीला लागू पडत नाही. नक्षी शाबूत आणि रबर म्हातारे, असे ट्रॉलीत वारंवार घडते.

भाराचे गणितही शेतकऱ्याच्या खिशातच असते. मार्केट यार्डात आणि जिनिंगमध्ये प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर जाते. भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन चिठ्ठीवर छापून येते. समजा रिकामी ट्रॉली दीड टनाची आहे आणि तिच्यात ६० क्विंटल सोयाबीन आहे. एकूण साडेसात टन झाले. चार चाकांत ते वाटले तर प्रत्येक टायरवर सुमारे १,८७५ किलो येतात. हुकवर थोडा भार जातो हे खरे, पण माल कधीच सारखा पसरलेला नसतो. दोनच चाकांची ट्रॉली असेल तर प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास येतात. टायर किती वजन घेऊ शकतो, हे त्याच्या बाजूवर कोरलेले असते. कुठे थेट किलोत, कुठे निर्देशांकात. निर्देशांक १२० म्हणजे १,४०० किलो, १३० म्हणजे १,९०० किलो आणि १४० म्हणजे २,५०० किलो. त्याच्या शेजारचे अक्षर वेग सांगते. ‘ए६’ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ‘ए८’ म्हणजे ४०. चिठ्ठीवरचा आकडा आणि टायरवरचा आकडा शेजारी ठेवला की कोणत्याही इंजिनिअरला विचारण्याची गरज उरत नाही.

कापसाची गोष्ट थोडी वेगळी. कापूस वजनाला हलका असतो पण जागा फार घेतो, म्हणून तो उंच रचला जातो. भार कमी दिसला तरी ट्रॉलीचा तोल वर गेलेला असतो. एका बाजूचे चाक अचानक बसले तर अशी ट्रॉली सावरायला वेळच देत नाही.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत लोक मोठमोठी चाकांवरची घरे गाडीमागे ओढत सुट्टीला निघतात. वर्षातले बरेच महिने ही घरे अंगणात उभी असतात आणि मग ठासून सामान भरून एकदम लांबच्या प्रवासाला निघतात. तिथे अशा ट्रेलरसाठी वेगळे टायर मिळतात आणि अनेक वर्षे त्यांची वेगमर्यादा ताशी सुमारे १०५ किलोमीटर धरलेली असे. महामार्गावर गाड्या त्याहून वेगाने जातात. ट्रेलरचे टायर फुटण्याच्या तक्रारी तिथेही जुन्याच आहेत. भार, हवा, वय आणि वेग ही चार कारणे तिथेही तीच आहेत.

दोष नेमका कोणाचा, हा प्रश्नही तिथे गाजला. २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवरच्या या टायरची नक्षीची पट्टी निघून येत होती आणि त्यातून झालेल्या अपघातांत दोनशेहून जास्त माणसे मेली. टायर कंपनी म्हणाली, गाडी कंपनीने हवेचा दाब फार कमी सांगितला. गाडी कंपनी म्हणाली, टायरच खराब. त्या वादातून कायदा बदलला आणि पुढे नव्या मोटारींत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०२२ मध्ये गुडइयर कंपनीने मोटरहोमवर बसवलेले आपले ‘जी १५९’ जातीचे जुने टायर परत मागवले. हे टायर शेवटचे बनले त्यालाही तेव्हा जवळपास वीस वर्षे होत आली होती. कंपनीने टायरमध्ये दोष असल्याचे नाकारले आणि कमी हवा व जास्त भार यांकडे बोट दाखवले.

या दोन प्रकरणांतून आपल्यासाठी एक धडा निघतो. ‘टायर फुटला’ हे चौकशीचे उत्तर नसते, तिथून चौकशी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. टायर फुटल्याने बस उलटली, असे चालकाने सांगितले होते. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालाला मात्र टायर फुटल्याच्या खुणा तिथे आढळल्या नाहीत. म्हणजे टायरच्या नावावर कधी न केलेला गुन्हा खपवला जातो आणि कधी खरा गुन्हा नशिबाच्या नावावर जातो. ट्रॉलीच्या अपघातात तर फुटलेला टायर कोणी पाहतही नाही. पंचनाम्यात एक ओळ लिहिली जाते आणि टायर पुन्हा भंगारात जातो.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर धोक्यात दोन गट आहेत. पहिला गट ट्रॉलीत बसणाऱ्यांचा. निंदणाला जाणाऱ्या बाया, कापूस वेचणारे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, शेगावला दर्शनाला निघालेली मंडळी. ट्रॉलीत माणसे बसवण्याला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई वादात अडकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण सकाळी सहाला वावरात पोहोचवणारे दुसरे वाहन नसते, हेही तितकेच खरे. ट्रॉलीत धरायला दांडा नसतो, पट्टा नसतो. ती कलंडली की माणसे खाली आणि ट्रॉली वर, अशी अवस्था होते. डोक्याला, मणक्याला, छातीला मार बसतो. अशा जखमांत पहिला तास मोलाचा. तेल्हाऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, पण मेंदूची किंवा मोठ्या हाडांची शस्त्रक्रिया लागली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायचे म्हणजे तो तास वाटेतच संपतो.

दुसरा गट पंक्चरवाल्यांचा, आणि त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ट्रकच्या आणि मोठ्या ट्रॉल्यांच्या काही चाकांचा रिम एकसंध नसतो. त्यावर वेगळी लोखंडी रिंग बसवून टायर अडकवलेला असतो. ही रिंग गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली असेल, तर हवा भरताना ती गोळीसारखी उडते. १०० पौंड दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे सात किलो. हाताच्या पंजाएवढ्या जागेवर हा जोर एक टनाच्या पुढे जातो. त्याच्या समोर वाकून बसलेल्या माणसाचा चेहरा, डोळे, जबडा आणि हात सापडतात. अमेरिकेत अशा चाकांत हवा भरताना ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवण्याची सक्ती आहे. आपल्याकडे सडकेच्या कडेला बसलेला पोरगा चाक जमिनीवर आडवे टाकून, रिंगवर पाय देऊन हवा भरतो आणि हवा पुरे झाली का, हे हातोडी ठोकून पाहतो. ठोकल्याच्या आवाजावरून पन्नास पौंड आणि ऐंशी पौंड यांतला फरक भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. शेतकऱ्याला हे सगळे कळते, पण पैसा कुठून आणायचा? २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि तोही सगळ्यांच्या पदरात पडला असे नाही. नव्या टायरच्या जोडीला कित्येक क्विंटल कापूस मोजावा लागतो. ज्याचा बी-बियाण्याचा खर्च निघत नाही, त्याला ‘नवे टायर घ्या’ असे सांगणे सोपे असते.

म्हणून आधी फुकटातले किंवा थोडक्या खर्चातले उपाय पाहावेत. हवा मोजायचा काटा टायरच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत मिळतो. सकाळी टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा, चारही चाकांची हवा मोजणे आणि टायरवर लिहिली आहे तेवढी ठेवणे, एवढ्याने टायरचे आयुष्य वाढते आणि डिझेलही वाचते. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या मापाचे टायर लावू नयेत. हंगाम संपल्यावर ट्रॉली जॅकने उचलून विटांवर टेकवावी आणि टायरवर बारदाना किंवा जुनी ताडपत्री टाकावी. बाजूला फुगवटा आलेला, आतला धागा दिसणारा किंवा बोटाचे नख अडकेल एवढा तडा गेलेला टायर त्याच दिवशी उतरवावा.

जुना टायर म्हणजे वाईटच, असेही नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट कारखान्यात रिमोल्ड केलेला टायर भरवशाचा असतो. विमानांचे टायरही अनेकदा रिमोल्ड करून वापरतात. धोका आहे तो घासलेल्या टायरवर गरम सुरीने नक्षी कोरून ‘नवा’ म्हणून विकण्यात. त्यात उरलेसुरले रबरही कापले जाते. मोटारी, ट्रक अशा वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. कोरलेली नक्षी डोळ्यांना खोल दिसते, पण तिच्याखाली धाग्यांचे थर उघडे पडायच्या बेतात असतात.

मात्र सगळी जबाबदारी शेतकऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता येणार नाही. बाजार समितीच्या वजनकाट्याशेजारी एक कॉम्प्रेसर, एक खात्रीचा काटा आणि एक पिंजरा ठेवायला फार मोठी योजना लागत नाही. समितीला बाजार शुल्क मिळते, ते ज्या ट्रॉलीतून येते त्या ट्रॉलीची एवढी काळजी तिने घ्यावी. जिनिंग मालकांनीही आपल्या फाटकाशी ही सोय करावी. माल उतरवायला तासन्‌तास रांग लागते, त्या वेळात हवा तपासून होईल. पिंजरा तर गावातला कोणताही वेल्डिंगवाला बनवू शकतो. सोबत लांब पाइप आणि व्हॉल्व्हला चिमटा लावून अडकणारे तोंड असेल, तर पंक्चरवाल्याला चाकासमोर बसावेच लागत नाही.

परिवहन विभागाने हंगामाआधी, दिवाळीच्या सुमारास, यार्डात ट्रॉली तपासणीची शिबिरे घ्यावीत. पण ती दंडाची पावती फाडण्यासाठी नसावीत. दंड लागतो म्हटले की ट्रॉल्या आडवाटेने जातात. टायर दाखवा आणि कोणता आधी बदलायचा ते समजून घ्या, असे त्यांचे स्वरूप असावे. ट्रॅक्टर आणि अवजारांच्या अनुदान योजनांमध्ये ट्रॉलीच्या टायरचाही विचार व्हायला हवा. आणि जुने टायर विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने बिलावर टायरच्या निर्मितीची तारीख लिहून द्यावी. ती लपवण्यासारखी असेल तर तो टायर विकण्यासारखा नाही.

ही तारीख शोधणे कोणालाही जमते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक छोटा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षे झाली की दरवर्षी बारकाईने तपासणी आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही चांगली दिसो, निवृत्ती, हा जगभर सांगितला जाणारा ढोबळ नियम आहे. आकडे तीनच असतील, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे आणि त्याची जागा ट्रॉलीखाली नाही. यंदा कापूस भरण्याआधी ट्रॉलीभोवती एक फेरी मारून चारही टायरवरचे हे आकडे वाचावेत. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत ‘ट्रॉलीले चालते’ की नाही, याचे उत्तर मिळते.